उघड्यावर काढलेल्या रात्री : तुमचेही येऊ द्या

ढोरवाट
काल माळा आवरताना जुनी सॅक सापडली. खाकी कॅनव्हास, एक पट्टा सुतळीने शिवलेला. आत नाक घातलं तर अजून चुलीच्या धुराचा वास! बायको म्हणाली, भंगारात दे. मी शिडीवरच बसून राहिलो.

१९९८ चा डिसेंबर. आम्ही चौघं. रतनवाडीहून रतनगड, मग कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पुढे पाचनईवरून हरिश्चंद्रगड, असा तीन दिवसांचा बेत. नकाशा म्हणजे मित्राच्या मामाने वहीच्या पानावर काढलेल्या रेघा. त्यात "मोठा आंबा आला की डावी मारा" असं लिहिलेलं. आंबा काही आला नाही. ढोरवाटांमध्ये असे गुरफटलो की पाच वाजता जिथे होतो तिथेच साडेसहाला परत. पाणी चौघांत दीड बाटली. कारवीत एक मोकळी, सपाट, मऊ जागा दिसली. देवच पावला म्हणून पथाऱ्या टाकल्या. खिचडी रद्द, गूळदाणे खाल्ले. रात्रभर दातावर दात. दोनच्या सुमारास खालच्या अंगाला भेकर भुंकायला लागलं, ते थांबेचना. कशाला भुंकतंय ते कुणी मोठ्याने बोललं नाही.

उजाडल्यावर एक आजी गुरं घेऊन आल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "आवं, ही ढोरं बसायची जागा हाय!" मऊ का होती ते तेव्हा कळलं. गोचीड पुढे आठवडाभर काढत होतो. आजींनी वाडीत नेऊन नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. वीसची नोट काढली तर म्हणाल्या, "नोटंचं काय करू, ती बाटली दे." मोकळी प्लॅस्टिकची बाटली दिली.

लेक पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा मुक्कामी ट्रेकला चाललीय. तिच्या ग्रुपने ३१ वस्तूंची यादी पाठवलीय. तुमच्या रात्री लिहा, तिला वाचून दाखवतो.

पिठलंप्रेमी
३१??? आम्ही चादर, ताट, टॉर्च आणि उधारीवर निघायचो.

सुमेधा_क
तोरणा, मेंगाईचं देऊळ. तिथे रात्री राहू नये म्हणतात, भुतं वगैरे. भूत नाही आलं, उंदीर आले. माझ्या सॅकला भोक पाडून खजूर नेले, बिया आत ठेवून गेले. सकाळी बुधला माचीवरून राजगडाकडे निघालो तेव्हा सॅकमधून चमचा गळत होता. अळू दरवाजातून संजीवनी माचीवर पोचले तोवर चमचा, कंगवा, मोजा सगळं वाटेवर.

ढोरवाट
@सुमेधा_क बिया ठेवून गेले म्हणजे उंदीर सुसंस्कृत.

रानजाई
लेकीला एक सांगा. सकाळी बूट उलटा करून झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. रतनगडच्या गुहेत माझ्या बुटातून विंचू निघाला होता. लहानच होता, पण तेव्हापासून घरीही चपला झटकते. सासूबाईंना वाटतं आमच्याकडची रीत आहे.

आणि यादीत काळी पिशवी, जुने वर्तमानपत्र, जादा पॅड असू द्या. वापरलेलं सगळं परत आणायचं, गडावर पुरायचं पण नाही, कुत्री उकरतात. हे कुणी सांगत नाही. मला पहिल्या ट्रेकला राजगडच्या पद्मावती माचीवर पाळी आली आणि ग्रुपमध्ये १४ मुलगे, मी एकटी. कुणालाही न सांगता दोन दिवस चालले. आता वाटतं सांगायला हवं होतं, काय झालं असतं.

सुमेधा_क
@रानजाई ❤️ हे अगदी.

लंगडा_घोडा
धाग्याशी संबंध नाही पण ती खाकी सॅक विकायची आहे का?

ढोरवाट
नाही हो.

हायलँडकर
एडिंबरातून. इथे स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या रानात तंबू टाकायचा हक्क आहे, कुणाची परवानगी लागत नाही. फक्त लॉक लोमंड तळ्याच्या काठी काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. वेस्ट हायलँड वे, १५४ किमी, एकट्याने आठ दिवसांत केला. पाऊस सहा दिवस, पण आपण कोकणातले, पावसाचं काय. रडवलं ते मिजेसनी. चिलटांपेक्षा बारीक, संध्याकाळी वारा पडला की ढगासारखे येतात. डोक्यावर जाळी घालून मऊभात-मेतकूट खायचा प्रयत्न केला. घास जाळीवर आपटला. दोनदा.

त्या रात्री तंबूबाहेर कुणीतरी श्वास घेतंय असं वाटलं. हळूच चेन उघडली तर सांबराएवढी हरणं, सहा-सात, माझ्या दोरीशेजारी चरतायत. चांदणं नव्हतं, नुसता उजेड, तिकडे जूनमध्ये धड रात्र होतच नाही. इकडे येऊन अकरा वर्षं झाली, पण त्या रात्री पहिल्यांदा परकं वाटलं नाही.

पिठलंप्रेमी
मेतकूट घरचं की विकतचं?

हायलँडकर
आईचं. डब्यावर "मेतकूट, हळद नव्हे" अशी चिठ्ठी.

आबा_सातारकर
वासोट्याला आम्ही पूर्वी राहायचो. आता अभयारण्यात मुक्काम बंद, बामणोलीहून लाँचने जाऊन संध्याकाळच्या आत परत. बरंच झालं म्हणतो. पवनेच्या काठी जाऊन बघा, तंबूंच्या रांगा आणि स्पीकर. काजवे बघायला येतात आणि गाडीचे दिवे चालू ठेवतात!!

रानजाई
@आबा हरिश्चंद्रगडच्या कोकणकड्यावरही तेच. शिवाय पोरं अगदी धारेवर तंबू लावतात. खालून वारा उचलला की तंबू माणसासकट जाईल. ढोरवाट, लेकीला हेही सांगा.

मावळतीण
माझ्या आजीने आळंदी-पंढरपूर पायी १८ वाऱ्या केल्या. पाठीवर गोधडी, पितळेचा तांब्या, पडशीत दशम्या. पावसात पालात चिखलावर झोपायची. मी राजगडला निघाले तेव्हा म्हणाली, "रात्री रानात? बायकांनी? वेड लागलंय का तुला!"

लंगडा_घोडा
😂😂 पडशी आहे का अजून?

मावळतीण
तुम्ही जुन्या बाजारात दुकान टाकलंय का?

सुमेधा_क
@हायलँडकर आईकडून मेतकुटाचं प्रमाण विचारून लिहाल का? माझं कडू होतं.

हायलँडकर
मेथ्या जास्त होत असतील. किंवा करपल्या. रात्री फोन करतो.

ढोरवाट
सगळ्यांचे आभार, लेकीला रानजाईंचं वाचायला दिलं, गप्प बसून वाचलं आणि काळी पिशवी यादीत वाढवली. ३२.

ती जुनीच सॅक नेणार म्हणते. म्हणून बायकोने आत्ता मशिनला लावली. माझं लक्ष नव्हतं.

पिठलंप्रेमी
अरेरे. गरम पाण्यात?