चादर ओली दिसते, पण इन्कॉन्टिनन्सचा (लघवीवरचा ताबा सुटण्याचा) प्रकार कसा ओळखायचा?

जीएनएम_दुसरं_वर्ष:
नमस्कार. सध्या मेल मेडिकल वॉर्डात पोस्टिंग आहे. स्ट्रेस, अर्ज (urge), ओव्हरफ्लो, फंक्शनल या प्रकारांच्या व्याख्या पाठ आहेत, पण कॉटशेजारी उभं राहिलं की सगळ्यांचं सारखंच दिसतं. रिपोर्टमध्ये आम्ही सरसकट ‘इन्कॉन्टिनन्स ऑफ युरिन’ लिहून मोकळे होतो. ऑलिगुरिया, अन्युरिया आणि रिटेन्शन यांतही व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) गोंधळ उडतो. कुणी अनुभवी सिस्टर समजावतील का?

निवृत्त_वॉर्ड_सिस्टर:
बाळा, आधी विचार की लघवी कधी सुटते. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना थोडी सुटली तर स्ट्रेस. बाळंतपणं झालेल्या बायका हे आपणहून कधीच सांगत नाहीत. पडदा ओढायचा, नवऱ्याला बाहेर पाठवायचं आणि हळूच विचारायचं, “मावशी, खोकला आला की कपडे ओले होतात का?” जोराची कळ आली आणि बाथरूमपर्यंत पोचायच्या आत सुटली तर अर्ज. फंक्शनलमध्ये लघवीची पिशवी (मूत्राशय) ठीक असते, माणूस वेळेत पोचत नाही. गुडघे धरलेले, कॉटचा कठडा वर, पायजम्याची नाडी सुटत नाही. तिथे कमोडची खुर्ची कॉटजवळ आणा, नाडीऐवजी इलॅस्टिक लावा, रात्री दिवा चालू ठेवा. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

ओव्हरफ्लोचं मात्र मी जीव तोडून सांगते. आमच्याकडे प्रोस्टेटचे एक आजोबा होते. सारखी थेंब थेंब गळती, म्हणून घरच्यांनी डायपर लावलेला. पांघरूण काढलं तर बेंबीखाली पोट फुगलेलं, टणक. हात लावताच कळवळले. बोटाने ठोकून पाहिलं तर जड, भरीव आवाज. डॉक्टरांनी लगेच कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालायला सांगितला, आणि लिटरभर लघवी निघाली. त्यांची लघवी तुंबलेली होती, गळत होतं ते भरून वाहिलेलं. अशा पेशंटच्या रिपोर्टमध्ये नुसतं ‘इन्कॉन्टिनन्स’ लिहिलंस, तर पुढच्या ड्युटीची सिस्टर डायपर बदलत बसेल आणि मागे किडनीवर दाब वाढत राहील. म्हणून ओली चादर दिसली की ओटीपोटावर हात ठेवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता तुझा दुसरा गोंधळ. रिटेन्शनमध्ये किडनी लघवी तयार करते, पिशवी ती बाहेर टाकत नाही. ऑलिगुरियात मुळात तयारच कमी होते, मोठ्या माणसात २४ तासांत ४०० मिलीच्या आत. १०० मिलीच्याही आत गेली तर अन्युरिया धरतात. वॉर्डात दर तासाला वजनाच्या किलोमागे निदान अर्धा मिली हा हिशोब ठेव, म्हणजे ६० किलोच्या पेशंटला तासाला ३० मिली. कॅथेटरच्या पेशंटची बॅग रिकामी दिसली तर आधी नळी कुठे दुमडली आहे का, अंगाखाली आली आहे का, ते बघ. बॅग नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकलेली.

सासूबाईंची_काळजी:
मी नर्स नाही, पण हे वाचून बरंच कळलं. सासूबाईंना रात्री चारचारदा उठावं लागायचं. वाटेत कपडे ओले होतात म्हणून त्यांनी संध्याकाळनंतर पाणीच सोडलं. मग उन्हाळी लागली, ताप आला. डॉक्टरांनी गोळ्या तपासल्या तर बीपीसाठीची लघवी जास्त करणारी गोळी रात्री चालू होती. ती त्यांनी सकाळी घ्यायला लावली, तेव्हापासून झोप लागते.

निवृत्त_वॉर्ड_सिस्टर:
ताई, पाणी तोडलं की लघवी घट्ट होते आणि पिशवीला जास्तच चुरचुरते, कळही वाढते. दिवसभर पुरेसं प्यायला द्या, फक्त झोपायच्या आधीचे दोन तास कमी करा. हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

जीएनएम_दुसरं_वर्ष:
खूप आभार सिस्टर. एकच शेवटचं, डायपरमधली लघवी आउटपुटमध्ये कशी लिहायची? आम्ही ‘डायपर ओला’ एवढंच लिहितो.

निवृत्त_वॉर्ड_सिस्टर:
कोरा डायपर आधी वजनकाट्यावर ठेव, मग ओला ठेव. जेवढे ग्रॅम वाढले, साधारण तेवढे मिली. शौचही झालेली असेल तर तो आकडा धरू नकोस, तसं स्पष्ट लिही. शेजारी रंग, वास आणि वेळही टाक.