निवेदक ‘घसरतो’ म्हणजे नेमके काय होते?

प्रश्न :
माझ्या कथेत दहा वर्षांचा मुलगा ‘मी’ म्हणून बोलतो. वडील नोकरी गमावून घरी येतात, त्या संध्याकाळची ती गोष्ट आहे. ‘आईला वाटले, आता धाकट्याची शाळा बदलावी लागणार,’ या वाक्यापाशी निवेदक (म्हणजे गोष्ट सांगणारा) घसरला आहे, असा शेरा एका मैत्रिणीने दिला. कथानक, पात्रे, वातावरण हे घटक मला समजतात. परंतु लेखिका मीच असताना आईच्या मनातले मला ठाऊक असू नये का?

उत्तर १ :
आपल्याला ते ठाऊक असणारच. त्या मुलाला ते कोठून कळले, हा प्रश्न आहे. निवेदकाला कळू न शकणारे त्याच्या तोंडी आले, की तो ‘घसरला’ असे म्हणतात. प्रथमपुरुषी निवेदनात ‘मी’ जे पाहतो, ऐकतो किंवा ताडतो, तेवढेच वाचकापर्यंत पोहोचते, आणि हा ‘मी’ लेखकाहून वेगळा असतो. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी यमूच्या तोंडून सांगितली, तेथे कोणाचा घोटाळा होत नाही. ‘कोसला’ या कादंबरीबाबत मात्र होतो, कारण १९६३ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा लेखक भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते आणि तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकरही आरंभीच आपले वय पंचवीस असल्याचे सांगतो. तरीही ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या शब्दांची कादंबरीभर केलेली पेरणी सांगवीकराच्या स्वभावातून येते; कशातही पुरते न गुंतण्याची त्याची धडपड आपल्याला त्या शब्दांतूनच जाणवते.

उत्तर २ :
वरील मत थोडे कडक वाटते. यमू आपले लहानपण मोठेपणी सांगते, त्यामुळे त्या वेळी न उमगलेल्या गोष्टींचा अर्थ तिला मागाहून लावता येतो. आपला मुलगाही मोठा होऊन आठवण सांगत असेल, तर ‘आईला तेव्हा काय वाटले, ते तिने मला पुढे सांगितले’ असे म्हणता येईल. मात्र मग त्याची भाषा सुरुवातीपासूनच प्रौढ हवी.

उत्तर ३ :
निवेदक कोण, यावर तपशीलही ठरतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीत गोष्ट सांगणारा तरुण मास्तर बाहेरगावचा असल्यामुळे धनगरांच्या रीतिभाती त्याच्याबरोबर वाचकालाही हळूहळू कळत जातात, तीच गोष्ट गावच्या कारभाऱ्याने सांगितली असती, तर त्याला त्यांत सांगण्यासारखे काही वाटले नसते. आपल्या मुलाला आईचे मन दिसत नाही, पण तिचे हात दिसतात. त्यांचा उपयोग करावा.

प्रश्नकर्ती :
बदल केला आहे : ‘आईने कपाटातून धाकट्याच्या फीची पावती काढली, वाचली आणि घडी घालून परत ठेवली. बिचारी बराच वेळ कपाटापाशीच उभी राहिली.’ आता जमले का?

उत्तर ३ :
पावतीचे जमले. ‘बिचारी’ मात्र काढावे. तो शब्द मुलाचा नाही, आपला आहे.