मदत हवी आहे: फिशिंग कयाकला इलेक्ट्रिक मोटर लावायचीय

नमस्कार मंडळी, माझी १० फुटी सिट-ऑन-टॉप (वर उघड्यावर बसायची) कयाक आहे, मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीत गरी टाकायला जातो, कधी तांबोशी कधी काळुंदर आणि बरेचदा नुसतंच ऊन 😄. मागच्या महिन्यात ओहोटी लागली ते गप्पांच्या नादात कळलंच नाही आणि देवबागला खाडी समुद्राला मिळते त्या मुखाकडे असा ओढला गेलो की वल्हं मारून मारून खांदे भरले, शेवटी एका होडीवाल्या काकांनी दोरी टाकून ओढत आणलं. तेव्हापासून घरच्यांनी मोटर लाव नाहीतर कयाक विक असं सांगून टाकलंय.

१२ व्होल्टची ३० पौंड थ्रस्टवाली (म्हणजे ढकलायचा जोर) ट्रोलिंग मोटर, होडीला लावायची छोटी इलेक्ट्रिक मोटर, बघतोय. फुल स्पीडला ३० अँपिअरपर्यंत खेचते म्हणे, म्हणजे बॅटरीच्या प्लसला लागूनच ब्रेकर (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा) हवा एवढं कळलं, पण ४० चा की ५० चा, आणि वायर किती जाडीची? इन्व्हर्टरची जुनी लेड-ॲसिड बॅटरी पडून आहे पण ती उचलतानाच कंबर जाते, त्यापेक्षा हलकी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेऊ का? कयाकची कपॅसिटी १५० किलो, मी ८२, वर जाळं, आइसबॉक्स वगैरे.

मुख्य भीती ही की मोटर मागे एका बाजूला लावली आणि बॅटरी पण मागे, तर कयाक बुड टेकून बसेल ना? बॅटरी पुढे पायांमध्ये ठेवली तर चालेल का? आणि मी पाण्यात पडलो नि मोटर चालूच राहिली तर? मनगटाला बांधायचा किल स्विच (पडलो की मोटर बंद करणारा) कुणी बसवलाय का? खाऱ्या पाण्यात कनेक्टर किती टिकतात तेही सांगा. लाइफ जॅकेट घालतो, त्यावरून ओरडू नका 🙏