नाणं घासलेलं आहे का, कसं ओळखायचं? परवापर्यंत कळायला हवं

घोडेस्वार
काल नाणं हातात आलं. भलतंच चमकतंय. विकणारा म्हणतो मूळचीच चमक आहे, कधी वापरातच नव्हतं. भिंगातून पाहिलं तर बारीक रेषा दिसतात. रेषा म्हणजे घासलेलं, बरोबर ना? परत करायची मुदत परवा संपते. प्लीज लवकर सांगा.

दोन_आणे
कोणतं नाणं? धातू कोणता? साल? भिंग किती पटीचं? फोटो टाका की.

घोडेस्वार
सॉरी, घाईत राहिलं. व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया, १८६२. भिंग १० पटीचं. फोटोत नुसता पांढरा गोळा येतोय.

तराजू
सगळ्यात आधी वजन करा. ११.६६ ग्रॅमच्या जवळपास भरायला हवं. त्यात चांदी ९१.७ टक्के असते. मी वजन न करता एक नाणं घेतलं होतं आणि ते ओतीव नकली निघालं. तेव्हापासून काटा जवळ ठेवल्याशिवाय नाण्याला हात लावत नाही.

चंदेरी
तराजू, ते खरं-खोटं विचारत नाहीयेत. अस्सल नाणंही घासलेलं असू शकतं, आणि घासल्याचा फरक घरच्या काट्यावर कळत नाही.

घोडेस्वार, खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एकच टेबललॅम्प ठेवा. नाणं कडेने धरा आणि दिव्याखाली हळूहळू कलतं करा. ठसा पडताना धातू कडेकडे वाहतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेघा पृष्ठभागावर राहतात. मूळची चमक त्यांच्यातूनच येते. त्यामुळे नाणं कलतं केलं की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. घासल्यावर या रेघा जातात. मग उरते ती नुसती झगझग, जागची हलत नाही.

दुसरं म्हणजे राणीचा गाल आणि मुकुटाची नक्षी बघा. तिथे झीज असेल आणि मोकळी जागा मात्र लख्ख असेल, तर ती चमक नंतर आणलेली आहे. वापरात झिजलेल्या नाण्याची मूळ चमक उंच भागांपाठोपाठ मोकळ्या जागेतूनही जाते. अक्षरांच्या खाचांत काळा मळ आणि बाजूलाच पांढरंशुभ्र असेल तरी शंका घ्या.

मी_प्रयोगशील
एवढं कशाला? काळं असो की डागाळलेलं, डिपमध्ये (चांदी उजळवायच्या आम्लयुक्त द्रावणात) पाच सेकंद बुडवा, साध्या पाण्याने धुवा. मी कितीतरी नाणी अशी केली आहेत, एकावरही रेषा नाही.

चंदेरी
रेषा येणारच नाहीत, कारण तिथे घासणं नाही. पण डिपमधलं आम्ल काळ्या थराबरोबर वरची चांदीही थोडी नेतं. दोन-चारदा बुडवलेलं नाणं मेलेलं, राखाडी दिसतं. आणि त्यांचं नाणं काळं नाहीये हो, चमकतंय!

मी_प्रयोगशील
ग्रेडिंगवालेसुद्धा (नाणी तपासून त्यांना दर्जा देणाऱ्या संस्था) हलकं डिप केलेली नाणी स्वीकारतात. सगळ्या साफसफाईला एकाच माळेत ओवू नका.

दोन_आणे
तेवढं खरं आहे. नाणं ओरबाडणारी टूथपेस्ट किंवा बेकिंग सोडा वेगळा, आणि शुद्ध ॲसिटोन वेगळं. ॲसिटोन धातूला धक्का लावत नाही, पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटाचा हिरवा चिकटा काढतं. फक्त खिडकी उघडी ठेवा आणि ज्वाळेपासून लांब.

साल_वाचक
जरा वेगळं विचारतो. मागच्या बाजूला टिंबं किती आहेत? १८६२ हेच साल घालून हे रुपये १८७४ पर्यंत पाडत होते, त्यामुळे नेमकं वर्ष टिंबांवरून ताडतात, आणि ती मोजायला फार मजा येते.

घोडेस्वार
टिंबं नंतर मोजतो. लॅम्पखाली पाहिलं. पट्टे फिरत नाहीत, पूर्ण नाणं एकदम उजळतं आणि एकदम विझतं. मुकुटाची नक्षी थोडी सपाट आहे. पण रेषा मुकुटाच्या कडेपर्यंत येऊन थांबतात. मग?

कोरीव
थांबा, इथे घाई नको. डाय (नाण्यावर ठसा उमटवणारा साचा) पॉलिश केली असेल तरी मोकळ्या जागेत रेषा येतात आणि चित्रापाशी थांबतात, कारण डायवर चित्र खोल असतं, तिथे पॉलिश पोचत नाही. तो दोष धरत नाहीत. फरक असा, की त्या रेषा नाण्यावर उठावाच्या असतात आणि घासल्याच्या रेषा खोदल्यासारख्या आत असतात. एखादी रेषा अक्षरावर चढून पलीकडे जाते का, ते बघा. फक्त गालासारख्या उंच भागावर समांतर ओरखडे असतील तर ते जुन्या अल्बमच्या सरकत्या प्लास्टिकचेही असू शकतात.

घोडेस्वार
अर्धा तास भिंग घेऊन बसलो. बहुतेक मुकुटापाशी थांबतात, पण ‘क्वीन’च्या क्यूवरून तीन रेषा थेट पार जातात. खालून चढतात, वरून उतरतात आणि मोकळ्या जागेत तशाच पुढे. गालावरही त्याच दिशेने आहेत. सगळ्या आत गेलेल्या.

कोरीव
मग ठसा पडल्यानंतरच्याच आहेत. कापडाने किंवा ब्रशने एकाच दिशेने घासलंय.

चंदेरी
परत करा. नाणं जसं आलं तसंच पाठवा, पुसू नका. तिरप्या प्रकाशात क्यूचा जवळून फोटो काढा, ‘मूळची चमक’ या शब्दांचा स्क्रीनशॉट जोडा.

घोडेस्वार
फोटो आला, रेषा स्पष्ट दिसतात. आत्ताच मेल केली. कोरीव, चंदेरी, मनापासून आभार. पहिलाच रुपया होता, फार वाईट वाटतंय. साल_वाचक, टिंबं दहा आहेत.

तराजू
वजन किती भरलं?