पद्मिनीत जिप्सीचं इंजिन: क्लबनं हात लावावा का?

जुनापाना
आपल्या जुन्या गाड्यांच्या क्लबमधल्या एका सदस्याची १९७९ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट आहे. उन्हाळा लागला की ती सिग्नलवर बंद पडते. म्हणून त्यांनी मारुती जिप्सीचं १३०० सीसी इंजिन पाहून ठेवलंय आणि ते बसवायला दोन रविवार सगळ्यांची मदत मागितली आहे. गाडी त्यांची, इंजिन कोणतं ठेवायचं ते त्यांनी ठरवावं. पण क्लबच्या हातांनी हे काम होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपण कोणाचे इग्निशनचे पॉइंट घासून देतो, कोणाला घरात पडलेला कार्बोरेटर देतो, कोणाच्या इंजिनाचं हेड आपल्या डिक्कीत टाकून लेथवर पोचवतो. पैसे कोणी मागत नाही. हे सगळं जुनी गाडी जुनी राहावी म्हणून. तिचं काळीज काढायलाही आपणच जायचं?

शिवाय केंद्राचे २०२१ चे नियम पाहा. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. या पद्मिनीला २०२९ मध्ये पन्नास पूर्ण होतात. तोंडाशी आलेला घास कशाला घालवायचा?

रामटेक_एक्सप्रेस
तो सदस्य म्हणजे मीच राजेहो, लाजता काहून? नाव घ्या.

व्हीए नंबरचं अर्धंच सांगून राहिले तुम्ही. नवीन नोंदणीचे २० हजार भराचे, अन् गाडी चालवाची कधी? रॅली, प्रदर्शन, नाहीतर पेट्रोल अन् दुरुस्तीले जायचं असलं तर. रोजच्या वापराले मनाई. मले बाबांना घेऊन रामटेकले जायचं असते. बाबांनी गाडी चालवाले घेतली होती, शोकेसमध्ये ठेवाले नाही.

४५ डिग्रीत फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून कामठी रोडच्या कडेले बसाचं, अन् येणारे-जाणारे फोटो काढतात. पाणी एक जण विचारत नाही. तुमची गाडी झाकून पोर्चमध्ये उभी असते दादा, म्हणून मूळपणा सुचते.

लेथ_हिंगणा
फडकं हा उपाय नाही, तो नवस आहे.

पद्मिनीची टाकी मागे, पंप पुढे इंजिनाला चिकटलेला. पंप एवढ्या लांबून पेट्रोल ओढतो, म्हणजे नळीत दाब कमी होतो. त्यात इंजिनाची आंच लागली की पेट्रोल नळीतच उकळतं. वाफ झाली की पंप नुसता हवेत हात मारतो. टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवा. मग पेट्रोल मागून ढकललं जातं, आणि दाबाखाली ते सहज उकळत नाही. नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर न्या. रेडिएटर खोलून साफ करून घ्या, निम्म्या गाड्यांत क्षारच भरलेले असतात. इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडेल असा रिले मात्र लावा, नाहीतर अपघातात पंप पेट्रोल ओततच राहील. यात कुठे पत्रा कापावा लागत नाही, उद्या सगळं काढून मूळ गाडी परत मिळते.

आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा ते खातं. इथेनॉल सोसणारे पाइप टाका. नागपुरात तरी इथेनॉलबद्दल तक्रार कोणाकडे करणार, आपले खासदारच त्याचे पुरस्कर्ते आहेत!

जिप्सीचं इंजिन वाईट नाही. ते गाडीच्या लांबीत उभं बसतं, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) वेगळी असल्यानं गिअरबॉक्स सरळ मागच्या शाफ्टला जोडता येतो, म्हणून लोकांना काम सोपं वाटतं. पण पद्मिनीची ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनच्या) जिप्सीची ऐंशी. ब्रेक चारही चाकांना ड्रमच. स्टिअरिंगजवळचा गिअर जाणार, खालच्या गिअरसाठी फ्लोअर कापावा लागणार, इंजिन टेकवायचे माउंट वेल्ड करावे लागणार. हे काम मी माझ्या वर्कशॉपमध्ये पैसे घेऊन करेन. रविवारी पोहे खात-खात, दहा जणांनी मिळून? नाही.

अँबीभाऊ
मूळ म्हणजे नेमकं काय, ते एकदा सांगा ना. अँबॅसॅडरमध्ये बरीच वर्षं १४८९ सीसी इंजिन होतं. पुढे कंपनीनंच त्यात इसुझूचं १८०० बसवलं. प्रीमियरनं पद्मिनीत इटलीचं डिझेल इंजिन घालून १३७ डी काढली. ११८ एनईला बॉडी फियाटची, इंजिन निसानचं. कंपनीनं केलं तर नवं मॉडेल, मिस्त्रीनं केलं तर पाप?

मॅटाडोरचं डिझेल इंजिन घातलेल्या किती अँबॅसॅडर आपण पाहिल्या! त्या काळी पेट्रोल परवडत नव्हतं. इंजिन बदललं म्हणून त्या रस्त्यावर राहिल्या, बाकीच्या नागपूरजवळच्या वाडीत भंगारात कापल्या गेल्या. मला कापलेल्या शुद्ध गाडीपेक्षा धावणारी भेसळ चालेल.

जुनापाना
अँबीभाऊ, कंपनी इंजिन बदलते तेव्हा ब्रेक, सस्पेन्शन सगळं तपासून सरकारकडून मंजुरी घेते. आपल्याकडे काय आहे? वेल्डिंग मशीन आणि उत्साह. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर विम्याचा दावा अडकतो. उद्या रामटेकच्या वाटेवर मानसरच्या वळणावर ब्रेक लागला नाही तर विचारणा कोणाला होईल? ज्यांनी नट आवळले त्यांना.

हेराल्डवाली
जुनापाना काका, सुरक्षेचा मुद्दा पटला. मूळपणाचा नाही पटला. एका अँबॅसॅडरला एसी बसवताना आपले सात-आठ जण बॉनेटमध्ये डोकं घालून होते. तेव्हा कोणाला मूळपणा आठवला नव्हता. तेव्हा गाडी मोठ्या माणसाची होती, एवढाच फरक.

आणि एक व्यावहारिक गोष्ट. माझ्या स्टँडर्ड हेराल्डच्या पुढच्या ट्रनिअनमध्ये (चाक ज्यावर वळतं त्या सांध्यात) ग्रीस नाही, गिअर ऑइल भरावं लागतं. ते न कळल्यानं कोणीतरी आधी ग्रीस भरून ठेवलंय. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते राहिलं तर चाक निखळू शकतं. मी कधीची नंबर लावून बसले आहे. दोन रविवार एकाच गाडीला गेले तर आमच्यासारख्यांनी कुठे जायचं? माझं म्हणणं, ब्रेक-स्टिअरिंगचा धोका आधी, हौस नंतर. इंजिन जिप्सीचं असो की फियाटचं.

लेथ_हिंगणा
ताई, या रविवारी पहिली हेराल्ड. तोवर गाडी काढू नका.

रामटेक_एक्सप्रेस
ताईंचं पहिले करा, त्यात वाद नाही.

लेथवाले भाऊ, पंप लावून पाहतो. पण जिप्सीच्या इंजिनाचा बयाना देऊन बसलो आहे, हेही सांगून ठेवतो. मे महिन्यात बाबांना घेऊन रामटेकले जाईन. गाडी थांबली, तर परवानगी काढून तुमच्याच वर्कशॉपमध्ये पैसे देऊन काम करीन. क्लबचा एक पाना नको मले.

जुनापाना
ठीक. फक्त तसं झालंच तर इंजिन नंबर असलेला मूळ ब्लॉक भंगारात देऊ नका. मी ठेवून घेतो.

रामटेक_एक्सप्रेस
विकत घेसान का फुकट?