चौथी गोळी सोडा, ते दहा दिवस बघा

शेवटचा बाक

परवा इथे 'गांधीहत्येचं दडवलेलं सत्य' म्हणून एक लांबलचक मजकूर पडला. ज्यांनी वाचला नाही ते भाग्यवान. त्यांच्यासाठी सार असं : गोळ्या तीन नव्हत्या, चार होत्या. चौथी दुसऱ्याच कुणीतरी झाडली. मागे ब्रिटिशांची 'फोर्स १३६' नावाची गुप्त संघटना होती आणि गोडसे नुसतं प्यादं. खाली 'डोळे उघडले', 'शाळेत हे का शिकवत नाहीत' वगैरे. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही.

फोर्स १३६ ही महायुद्धात ब्रह्मदेश-मलायाकडे जपान्यांच्या पिछाडीला घातपात करायला उभारलेली तुकडी. तिची मातृसंस्था जानेवारी १९४६ मध्ये मोडीत निघाली. आणि हा सगळा माल सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत आलाय. २०१७ साली याचिका झाली, न्यायालयाने अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र (न्यायालयाला मदत करणारा वकील) नेमलं, त्यांनी कागद चाळून पुन्हा तपासाची गरज नाही असं सांगितलं, २८ मार्च २०१८ ला याचिका निकालात निघाली. संपलं.

माझा राग वेगळा आहे. या चौथ्या गोळीच्या नादात खरा प्रश्न कुणी विचारतच नाही. २० जानेवारी १९४८ ला मदनलाल पाहवा दिल्लीत गांधीजींच्या मुक्कामी, बिर्ला हाउसमध्ये स्फोट घडवतो आणि जागच्या जागी पकडला जातो. साथीदार कुठे उतरलेत ते कळतं. पोलीस मरीना हॉटेलात जातात तर ४० नंबरच्या खोलीतले 'देशपांडे' पसार, मागे धोब्याकडचे कपडे, त्यावर खूण 'एन. व्ही. जी.', म्हणजे नथुराम विनायक गोडसे. मदनलालच्या जबाबात 'हिंदू राष्ट्रीय'च्या संपादकाचा उल्लेख येतो. 'अग्रणी' ऊर्फ 'हिंदू राष्ट्र' गोडसे-आपट्यांचं, हे पुण्यातल्या कुठल्याही पानवाल्याने सांगितलं असतं. मुंबई सरकारकडे तर वर्तमानपत्रांची छापील यादीच होती, संपादक आणि मालकाच्या नावासकट.

इकडे मुंबईत रुइया कॉलेजचे प्रा. जैन २१ तारखेला मुख्यमंत्री खेर आणि गृहमंत्री मोरारजींना जाऊन सांगतात की मदनलालने कट माझ्यापाशी आधीच बोलून दाखवला होता. मोरारजी त्याच रात्री गाडी पकडण्यापूर्वी स्टेशनवर मुंबई पोलिसांचे उपायुक्त नगरवाला यांना बोलावून मदनलालचा साथीदार करकरेचं नाव देतात. दुसऱ्या दिवशी अहमदाबादेत सरदारांच्या कानावर घालतात. दिल्लीचे दोन अधिकारी विमानाने मुंबईला येतात आणि नगरवाला त्यांना परत पाठवतात. पुण्याचे डी. आय. जी. राणा तेव्हा दिल्लीतच. त्यांच्या हातात २५ ला मदनलालच्या जबाबाची प्रत पडते. ती घेऊन साहेब आगगाडीने, अलाहाबादवरून, २७ ला मुंबईत पोचतात. त्याच २७ ला गोडसे-आपटे मुंबईहून विमानाने दिल्लीला जातात.

पुण्याला एक ट्रंक कॉल. एवढाच. तो का झाला नाही, यावर लिहा की कुणीतरी.

हौशी वकील

उत्तम लिहिलंत. आता तुमचंच लिहिलेलं पुन्हा वाचा. स्फोट झालाय, माणूस हातात आहे, धोब्याची खूण आहे, गृहमंत्र्याने नाव दिलंय, आणि दहा दिवस कुणी हलत नाही. याला तुम्ही गलथानपणा म्हणता? इतका सुबक गलथानपणा मी तीस वर्षांच्या वकिलीत पाहिला नाही. गलथानपणात निदान एखादी गोष्ट चुकून बरोबर होते.

आणि 'संपलं' काय? याचिका फेटाळली म्हणजे प्रश्न मेले असं होत नाही. शवविच्छेदन झालं नाही, बाहेरून जखमा तपासल्या. गोडसेला धरणाऱ्यांत अमेरिकन वकिलातीचा हर्बर्ट राइनर होता. गोडसेच्या हातातली बेरेटा पिस्तूल ग्वाल्हेरला कुठून आली? त्या खटल्यात तिघे फरारी दाखवले, त्यांचं काय?

शेवटचा बाक

राइनर प्रार्थनेला आला होता. तिथे रोज शेकड्याने माणसं येत, परदेशीही. जवळ होता म्हणून झडप घातली. उद्या तुमच्यासमोर अपघात झाला आणि तुम्ही जखमीला उचललंत तर ट्रक तुमचा होत नाही.

पोलीस लाइन

दोघांनाही एक सांगतो. माझे आजोबा मुंबई पोलिसात हवालदार. ट्रंक कॉल, ट्रंक कॉल करताय, तो लावून कधी बसला होतात का? दिल्लीत तेव्हा काय चाललं होतं? निर्वासितांचे लोंढे, रोज कुठेतरी जाळपोळ, मुसलमान शिपाई निघून गेल्याने फौज अर्धी रिकामी. आजोबा म्हणायचे, "वरचा बोलला तर आपण ऐकलं, वरचा गप्प तर आपण आंधळे." कारकुनाने लिहिलेला उर्दू कागद मुंबईच्या साहेबाला वाचता येईना इतकं साधं असतं कधीकधी.

आणि गांधीजींनीच प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यायला नकार दिला. सरदार म्हणत होते, घ्या. ते सोयीस्कर विसरायचं.

निंबोणी

झडतीवर नकार दिला, बरोबर. पण गोडसेला मुंबईत पकडायला बिर्ला हाउसच्या झडतीची काय गरज होती? पुण्याच्या ज्या माणसांनी त्याला रोज पाहिलं होतं अशा दोन शिपायांना दारात उभं केलं असतं तरी पुरे होतं.

आणि राणासाहेबांना विमान सोसत नाही म्हणे. माझ्या सासूबाईंनाही सोसत नाही, पण त्या देशाचा जीव खिशात घेऊन अलाहाबादमार्गे जात नाहीत.

पोलीस लाइन

हे चांगलं होतं, मान्य. राणांचा बचाव मी करणार नाही.

हौशी वकील

मग कुणाचा करणार? नगरवालांचा? ते शेवटपर्यंत म्हणत राहिले की कट पळवून नेण्याचा होता. गांधींना पळवणार! अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला, भर दिल्लीतून! पुढे कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगालाही ते पटलं नाही. आणि आयोग बसला कधी? हत्येनंतर सतरा-अठरा वर्षांनी. तोही का, तर नोव्हेंबर १९६४ मध्ये पुण्यात गोपाळ गोडसे वगैरे सुटल्यावर सत्यविनायकाची पूजा घातली आणि तिथे ग. वि. केतकर बोलून गेले की मला आधीच माहीत होतं, बाळूकाका कानिटकरांनी खेरांना कळवलंही होतं. बोलले नसते तर आयोगही नसता.

निंबोणी

लोकमान्यांचे नातू. माझ्या वडिलांनी त्या दिवशी पेपर टेबलावर आपटला होता, तो आवाज आठवतो. ते स्वतः हिंदुमहासभेला मत देणारे, तरीही. "माहीत होतं आणि पूजेला सांगतोय!" एवढंच म्हणाले. त्या दिवशी जेवले नाहीत.

वाटाड्या

कपूर आयोगाने सावरकरांबद्दल काय लिहिलंय ते का नाही सांगत कुणी?

शेवटचा बाक

कारण ते सगळ्यांना पाठ आहे. १० फेब्रुवारी १९४९ ला न्या. आत्माचरण यांनी त्यांना निर्दोष सोडलं, आयोगाने १९६९ च्या अहवालात उलटा शेरा मारला, दोन्ही छापील आहेत. यावर आजवर झालेल्या भांडणांत कुणाचंही मत बदललेलं नाही. इथे नको, हात जोडतो. त्याच आत्माचरणांनी पोलिसांवर काय ताशेरे ओढले ते वाचा. २० ते ३० या काळात जरा जरी तत्परता दाखवली असती तर हे बहुधा टळलं असतं, असं निकालपत्रातच आहे.

कऱ्हाडकर

वाचतोय मघापासून. गुप्तचर, बेरेटा, अलाहाबाद. गोडसे ब्राह्मण म्हणून ३० जानेवारीनंतर सातारा, सांगली, कोल्हापुरात ब्राह्मणांच्या घरांचं काय झालं ते कुणाच्याच लेखी प्रश्न नाही वाटतं? आमचं गाव कऱ्हाडपासून बैलगाडीने दोन तासांवर. आजीने मागच्या दाराने चार पोरांना घेऊन ज्वारीच्या शेतात रात्र काढली. सकाळी आली तर भिंती उभ्या आणि आढं खाली. आजोबांनी जन्मात कधी कुठल्या सभेला हजेरी लावली नव्हती. भालजी पेंढारकरांचा कोल्हापूरचा स्टुडिओ जाळला, तो तरी लोकांना माहीत आहे. आमच्या घराचं नावही कुणी घेत नाही. दिल्लीच्या गुप्तचरांना दहा दिवसांत कळलं नाही, आमच्या गावात मात्र दोन दिवसांत सगळ्यांना कळलं होतं कुणाकुणाची घरं पेटवायची ते. याची यादी कुणी केली होती?

नांगरटी

आला. प्रत्येक गांधीहत्येच्या चर्चेत हा विषय येतोच, मी घड्याळ लावून बसलो होतो. मेला कोण? एक म्हातारा माणूस, प्रार्थनेला जाताना. आणि रडायचं कशावर? वाड्यावर.

जाळणं वाईटच. पण त्या वाड्यांच्या कोनाड्यांत काय होतं तेही सांगा. माझ्या पणज्याच्या अंगठ्याचे कागद होते. कोऱ्या कागदावर घेतलेले. आमच्याकडे सांगतात, लोक आधी वह्या शोधत होते, मग काडी लावत होते.

कऱ्हाडकर

माझे आजोबा प्राथमिक शिक्षक होते. सावकार नव्हते. तुमच्या पणज्याचा अंगठा आमच्या घरात नव्हता. ज्याच्या घरात होता तो आधीच पुण्याला निघून गेला होता, मोटारीने. चालत गेली ती माझी आजी.

नांगरटी

बरं. पण मग पुढे कूळकायद्याने जमिनी गेल्या म्हणून जो गळा काढतात, तोही त्याच वाक्यात जोडतात ना तुम्ही लोक? जणू १९४८ ची आग आणि कायदा एकाच हाताने लावला.

कऱ्हाडकर

'तुम्ही लोक' म्हणजे कोण? मी जोडलं का? दाखवा कुठे जोडलं.

हौशी वकील

महाराज, बेरेटा.

कऱ्हाडकर

तुमची बेरेटा घाला चुलीत! शेवटी भोगलं कुणी? कटातले होते बोटावर मोजण्याइतके. त्यातला एक नगरचा हॉटेलवाला, एक निर्वासित. आणि शिक्षा गावोगावच्या भिक्षुकांना आणि मास्तरांना.

शेवटचा बाक

कऱ्हाडकर, मुद्दा खरा आहे, पण तुम्ही तो माझ्या धाग्यात असा आणलात की जणू मी लपवत होतो. उलट माझ्याच बाजूचा आहे तो. पुण्याला वेळेत निरोप गेला असता तर बिर्ला हाउसही वाचलं असतं आणि तुमचं आढंही.

कऱ्हाडकर

हं. तेवढं बरोबर बोललात. आजीला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

पोलीस लाइन

मला एक विचारायचंय वकीलसाहेबांना. समजा मुद्दाम केलं. कुणी? टी. जी. संजीवी तेव्हा गुप्तचर खात्याचे प्रमुखही होते आणि दिल्ली पोलिसांचेही. एकाच टोपीखाली दोन खुर्च्या. म्हणजे माहिती अडली तर एकाच टेबलावर अडली. त्या माणसाने गांधी मरावेत म्हणून फाइल दाबली, याचा एक कागद दाखवा. आयोगाने शंभरावर साक्षीदार तपासले. एकानेही असं म्हटलेलं नाही.

हौशी वकील

दाबली असं मी म्हणत नाही. 'बघू' म्हणून बाजूला ठेवली असं म्हणतो. कोर्टात आम्ही याला हेतू नसलेलं कृत्य म्हणतो, आणि त्यालाही शिक्षा असते. संजीवींना काय शिक्षा झाली? राणांना? नगरवालांकडे तर हत्येनंतर संपूर्ण तपासच सोपवला. ज्याच्या हातून निसटले त्यालाच शोधायला लावलं! परदेशी हात मी सोडून देतो हवं तर. फोर्स १३६ तुमच्याकडे ठेवा, ज्या गृहस्थांनी परवा ती टाकली त्यांना माझ्यातर्फे एक नारळ. पण घरातलं कोण झोपलं होतं आणि कोण झोपेचं सोंग घेऊन पडलं होतं, हे कपूरांनीही शेवटपर्यंत नीट वेगळं केलेलं नाही.

शेवटचा बाक

हे तुम्ही पहिल्या प्रतिसादात लिहिलं असतंत तर मधले तीन तास वाचले असते.

निंबोणी

मग आपण काय वाचलं असतं?

नांगरटी

कऱ्हाडकर, एक गोष्ट. मघाशी जरा जास्त बोललो. तुम्ही मास्तर म्हणालात तेव्हापासून डोक्यात आहे. आमच्या घरी एक पितळी घंगाळ आहे. जड, कडीचं. काठावर नाव कोरलंय, आडनाव आमचं नाही. लहानपणी मी अक्षरं लावून वाचलं आणि आजीला विचारलं हे कुणाचं. ती म्हणाली, "ठेवायला दिलंय." कुणी दिलंय, कधी नेणार, ते सांगितलं नाही. ती गेल्यावर आईने ते माळ्यावर टाकलं. ठेवायला दिलं होतं की उचलून आणलं होतं, मला खरंच माहीत नाही.

कऱ्हाडकर

कोणतं गाव?

नांगरटी

इथे नको. निरोप पाठवलाय, बघा.

कऱ्हाडकर

बघितला. आमचं नाही. पण आडनाव ओळखीचं आहे. त्यांची नात डोंबिवलीला असते. विचारतो.

हौशी वकील

विचारा जरूर. आणि सवड झाली की त्या बेरेटाचं कुणीतरी बोला. २८ जानेवारीला ग्वाल्हेरात परचुरेंच्या ओळखीने ती गोडसेच्या हाती आली, इथपर्यंत सगळे येतात. इटालियन बनावटीचं लष्करी पिस्तूल त्याआधी कुणाच्या कपाटात होतं, इथे आलं की सगळ्यांना एकदम घरी जायची घाई होते.