सागाच्या चौकटी आणि पाइनच्या पट्ट्या रंगवायच्या आहेत: प्राइमर खरोखर लागतो का?

प्रश्न: जुळे सोलापूर, गृहिणी

नमस्कार. जुळे सोलापुरातील आमच्या घराचे बांधकाम संपत आले आहे. दारांच्या चौकटी सागवानी आहेत. मात्र चौकटींभोवतीच्या मोल्डिंगच्या पट्ट्या आणि भिंतीच्या तळाची लाकडी स्कर्टिंग पाइनची आहे. सगळे लाकूड अजून कोरे आहे. त्याला पॉलिश न करता मंद चकाकीचा पांढरा रंग द्यावा, असे घरात ठरले आहे. रंगाऱ्याचे म्हणणे असे की, भिंतींसाठी आणलेली पुट्टीच लाकडावर ओढून घासावी आणि त्यावर ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. प्राइमरचा खर्च वाया जातो. सुतार म्हणतो की, सागावर रंग धरतच नाही, त्यामुळे प्राइमर लावूनही फरक पडणार नाही. पाइनच्या पट्ट्यांवर गाठी पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी काहींना बोट लावले तर चिकट लागते. वास्तुशांत फेब्रुवारीत आहे, म्हणजे घाई नाही, पण काम पुन्हा काढावे लागू नये अशी इच्छा आहे. कामाचा योग्य क्रम कोणता, आणि रंग तेली घ्यावा की पाण्यात मिसळणारा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: अशोक चौक, निवृत्त रंगकाम ठेकेदार

ताई, प्राइमर लागतोच, आणि तो पुट्टीच्या आधी लागतो. हा क्रम उलटला की पुढचे सगळे बिघडते. कोरे लाकूड तेल शोषून घेते, आणि तेही सर्वत्र सारखे नाही. पट्टीच्या कापलेल्या टोकाला ते सर्वांत जास्त शोषते, सपाट बाजूला कमी. अशा लाकडावर थेट ऑइल पेंट दिला, तर रंगातील तेल आत जाते, वर चकाकीचे चट्टे दिसतात आणि दोनाऐवजी चार हात देऊनही पृष्ठभाग एकसारखा होत नाही. पुट्टीचेही तसेच आहे. कोऱ्या लाकडात भरलेल्या पुट्टीतील तेल लाकूड ओढून घेते, पुट्टी कोरडी पडते आणि वर्ष-दोन वर्षांत खिळ्यांच्या जागी टिकल्यांसारखी निघून येते.

भिंतीची पुट्टी लाकडावर अजिबात चालत नाही. ती पांढऱ्या सिमेंटची असते, वाळल्यावर कडक होते. लाकूड मात्र पावसाळ्यात फुगते आणि आपल्याकडच्या मार्च ते मेच्या कोरड्या उन्हात आकसते. त्या हालचालीबरोबर सिमेंटचा थर वाकत नाही, तडकतो. लाकडासाठी तेलातील पुट्टी मिळते, किंवा खडूची पूड बेलतेलात (म्हणजे जवसाच्या तेलात) मळून, त्यात थोडा प्राइमर घालून पूर्वीप्रमाणे घरीही करता येते.

आता गाठी. चिकट लागते ती राळ आहे. तिच्यावर कितीही रंग दिला तरी उन्हाळ्यात ती मऊ होऊन वर येते आणि पांढऱ्या रंगावर पिवळसर-तपकिरी डाग उमटतात. म्हणून आधी चिकट भाग पत्र्याने खरवडावा, थिनरच्या फडक्याने पुसावा, आणि मग स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा (लाखेचे पापुद्रे) गाठीवर दोन पातळ हातांनी लावावा. गाठीच्या कडेबाहेर इंचभर तो जाऊ द्यावा. स्पिरिट लवकर उडून जाते, त्यामुळे तासाभरात पुढचे काम घेता येते. चपड्याची ही एक पायरी वगळून पैसे वाचवणारे रंगारी मी पुष्कळ पाहिले. डाग वर येईपर्यंत त्यांचे बिल फिटलेले असते.

घासकामाला १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून १८० वर थांबावे. पेपर नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा, कारण आडवे ओरखडे रंगाखाली लपत नाहीत, उलट चकाकीमुळे अधिक दिसतात. पट्ट्यांच्या अगदी धारदार कडा पेपरने किंचित मोडाव्यात. तीक्ष्ण कडेवर रंगाचा थर टिकत नाही, पातळ होऊन तिथूनच उडू लागतो. धूळ पुसायला नवा टॉवेल घेऊ नये. सोलापुरात टॉवेलांना तोटा नाही, पण नव्याचे धागे सुटून ओल्या प्राइमरवर बसतात. बऱ्याच धुण्यांतून गेलेल्या धोतराचा तुकडा उत्तम.

त्यानंतर तेली वुड प्राइमरचा एक हात द्यावा, तो रात्रभर वाळू द्यावा, खिळ्यांची भोके आणि सांधे पुट्टीने भरावेत, पुट्टी वाळल्यावर घासून तेवढ्या जागी पुन्हा प्राइमर लावावा. मग ३२० नंबरचा हलका पेपर आणि रंगाचे दोन हात. प्राइमर पातळ करायला टर्पेंटाइनच वापरावे. रंगारी रॉकेल मागेल, देऊ नका. त्याचा तेलकटपणा मागे राहतो आणि रंग कित्येक दिवस चिकट राहतो.

उत्तर: होटगी रोड, सुतारकाम

वरच्या उत्तराशी बव्हंशी सहमत आहे, पण त्यात सागाचे राहून गेले. आपल्या सुताराच्या बोलण्यात अर्धे तथ्य आहे. सागात नैसर्गिक तैलद्रव्ये असतात आणि ती तेली रंगाचे वाळणे लांबवतात. त्यामुळे लोकांचा असा समज झाला आहे की, सागावर रंग धरत नाही. उपाय साधा आहे. घासून झाल्यावर सागाची चौकट एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावी, फडके मळले की बदलावे, आणि थिनर उडून गेले की लगेच, त्याच दिवशी प्राइमर द्यावा. चौकट पुसून तशीच ठेवली, तर आतले तेल हळूहळू पुन्हा वर येते. थिनर ज्वालाग्राही आहे, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि त्या खोलीत त्या वेळी कोणी विडी ओढू नये.

माझे वैयक्तिक मत असे की, चांगला साग पांढऱ्या रंगाखाली झाकणे हा पैशाचा अपव्यय आहे. पण तो निर्णय घरमालकाचा.

आणखी एक गोष्ट. ज्या पट्ट्या अजून ठोकलेल्या नाहीत, त्यांच्या भिंतीकडील बाजूला आणि कापलेल्या टोकांना बसवण्यापूर्वीच प्राइमर मारून घ्यावा. घर नवे आहे, प्लास्टरमध्ये ओल शिल्लक असणार, आणि ती ओल मागच्या कोऱ्या बाजूने लाकडात शिरून पुढचा रंग फुगवते. दारांच्या फळ्यांची वरची आणि खालची कडही याच कारणाने रंगवावी. ती कोणालाच दिसत नाही, म्हणून कोणी रंगवत नाही, आणि मग पावसाळ्यात दार चौकटीत अडकते म्हणून मला रंधा घेऊन बोलावतात.

उत्तर: विजापूर रोड, स्थापत्य अभियंता

तेली की पाण्यातला, या प्रश्नाचे उत्तर अद्याप आलेले नाही. पांढऱ्या रंगाच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा आहे. तेली इनॅमल, म्हणजे आपला नेहमीचा ऑइल पेंट, कालांतराने पिवळा पडतो, आणि जिथे उजेड कमी, उदाहरणार्थ बोळात किंवा दाराआडच्या स्कर्टिंगवर, तिथे लवकर पडतो. पाण्यात मिसळणारा इनॅमल पांढरा राहतो, त्याचा वासही कमी येतो आणि तो लवकर वाळतो. मात्र पाण्यातला प्राइमर थेट सागावर दिल्यास लाकडातील रंगद्रव्य पाण्यात उतरून तपकिरी डाग वर येतात, पाइनचे तंतू उभे राहून पृष्ठभाग खरखरीत होतो आणि लोखंडी खिळ्यांची डोकी गंजतात. म्हणून आपण प्राइमर तेलीच ठेवावा, तो पूर्ण वाळल्यावर हलका घासावा आणि वरचे दोन्ही हात पाण्यात मिसळणाऱ्या इनॅमलचे द्यावेत. ही जोडी चालते. उलट्या बाजूने विचार केला, तर तेली इनॅमल हाताने लावायला सोपा असतो, ब्रशच्या रेषा आपोआप सपाट होऊन जातात. आपला रंगारी पाण्यातल्या रंगाला सरावलेला नसेल, तर एखाद्या आतल्या दारावर त्याचे काम आधी पाहून घ्यावे.

जानेवारी हा आपल्याकडे या कामासाठी उत्तम काळ आहे. एप्रिल-मेमध्ये पाण्यातला रंग ब्रशखालीच वाळू लागतो आणि जोड दिसतात. तरीही थेट ऊन पडणाऱ्या खिडकीच्या पट्ट्या सकाळी लवकर करून घ्याव्यात. भिंतींची पुट्टी घासताना उडणारी धूळ लक्षात घेऊन लाकडाचा प्राइमर आणि पहिला हात आधी द्यावा, भिंती पूर्ण कराव्यात, आणि लाकडाचा शेवटचा हात सर्वांत शेवटी ठेवावा. पट्टी आणि भिंत यांच्यातील फट ॲक्रिलिक सीलंटने भरावी. सिलिकॉन वापरू नये, कारण त्यावर रंग चिकटत नाही.

पुन्हा प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. रंगाऱ्याशी बोलले, प्राइमरला तो तयार झाला आहे, चपड्याचे नाव काढल्यावर मात्र जरा नाराज दिसला. एक शंका राहिली. सासूबाईंच्या इच्छेखातर देवघराला कसब्यातील जुन्या घराचे दार बसवायचे आहे. त्यावर जुन्या ऑइल पेंटचे कित्येक थर आहेत. तेही घासून कोरे करून याच पद्धतीने रंगवले, तर चालेल का?

उत्तर: अशोक चौक, निवृत्त रंगकाम ठेकेदार

चालेल, पण कोरडे घासू नका. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तेली रंगांत शिसे भरपूर असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना सर्वांत घातक ठरते. दार घराबाहेर न्यावे, पेंट रिमूव्हर लावून थर पत्र्याने काढावेत, उरलेला भाग वॉटर पेपरने पाणी मारत घासावा, खाली प्लास्टिक अंथरून सगळा चोथा गोळा करावा. आच देऊन रंग काढू देऊ नये. लाकूड पूर्ण सुकल्यावर मग थिनर, प्राइमर आणि पुढचे काम.

बेलतेलाची पुट्टी करणार असाल, तर तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. बेलतेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशा बोळ्याला आपोआप आग लागू शकते. त्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवाव्यात. रंगाऱ्याच्या चपड्याबद्दलच्या नाराजीचे म्हणाल, तर त्याचे सामान आपणच आणून हातात द्यावे. रंगाच्या कोणत्याही जुन्या दुकानात चपडा सुटा मिळतो.